दगडात कोरलेलं, पाटीवर लिहिलेलं: राउटरमधल्या मुख्य चिपची गोष्ट

वायफायचा डबा उलटा करून तळाचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं, की बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार निघतो: आत एवढंच? घरातले मोबाइल, टीव्ही, मुलांचा अभ्यास, परदेशातल्या नातवंडांशी होणाऱ्या गप्पा, सगळं ज्यातून जातं त्या डब्यातली बरीचशी जागा रिकामी असते. आत एक सर्किट बोर्ड. त्याच्या एका कडेला केबली खोचायची खोबणं, दुसरीकडे अँटेनाकडे जाणाऱ्या बारीक तारा. आणि साधारण मधोमध, अनेकदा पत्र्याच्या टोपणाखाली किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याखाली, एक चौकोनी काळी चिप. बोर्डावरच्या बहुतेक रेषा तिच्याकडेच धावतात.

ही राउटरची मुख्य चिप. जाणकार तिला ‘सिस्टिम ऑन चिप’, थोडक्यात एसओसी म्हणतात, कारण एकेकाळी अनेक चिपांत विभागलेली यंत्रणा आता हिच्या एकटीच्या पोटात असते. जाहिरातीत हिचे मेगाहर्ट्झ आणि गिगाहर्ट्झ सांगतात, पण त्या आकड्यांवरून ही चिप कळत नाही. ती कळते एका साध्या प्रश्नाने: हिच्यातलं कोणतं काम सिलिकॉनमध्ये कायमचं कोरलेलं आहे आणि कोणतं काम सॉफ्टवेअर म्हणून लिहिलेलं आहे? कोरलेलं काम अफाट वेगाने होतं, पण कारखान्यातून बाहेर पडल्यावर ते बदलता येत नाही. लिहिलेलं काम त्यामानाने सावकाश होतं, पण ते पुसून नव्याने लिहिता येतं. शिलालेख आणि शाळेतली पाटी यांच्यात असतो तसाच हा फरक आहे. राउटर वेगवान का वाटतो, कधी अडखळतो का, जुना झाल्यावर धोक्याचा का ठरतो आणि काही राउटर वीस वर्षं का टिकले, या सगळ्यांची उत्तरं या वाटणीत सापडतात.

ही वाटणी पाहण्यासाठी एक खरा डबा समोर ठेवू: लिंकसिस कंपनीचा निळा-काळा, दोन अँटेनांचा डब्ल्यूआरटी५४जी. तो अमेरिकेत डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला आणि घरगुती राउटरांच्या इतिहासातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध डबा ठरला.

एका चिपेत सारं कुटुंब

पहिल्या डब्ल्यूआरटी५४जीमध्ये ब्रॉडकॉम कंपनीची बीसीएम४७०२ ही चिप होती. तिचं घड्याळ सेकंदाला १२.५ कोटी ठोके द्यायचं, म्हणजे १२५ मेगाहर्ट्झ. शेजारी १६ एमबी रॅम आणि ४ एमबी फ्लॅश मेमरी. पण रेडिओचा भाग या चिपेत नव्हता. तो एका वेगळ्या छोट्या कार्डावर होता आणि ते कार्ड बोर्डावरच्या खाचेत बसवलेलं असे. केबलींची वाहतूक सांभाळणारा स्विचही वेगळ्या चिपेत होता.

पुढच्या आवृत्त्यांत हे वेगवेगळे संसार एका छपराखाली येत गेले. आधी रेडिओचं कार्ड गेलं आणि त्याचे भाग मुख्य बोर्डावर आले. दुसऱ्या आवृत्तीतल्या २०० मेगाहर्ट्झच्या बीसीएम४७१२ चिपेने वायफायचं बरंचसं गणित स्वतःच्या पोटात घेतलं. चौथ्या आवृत्तीतल्या बीसीएम५३५२ चिपेने स्विचही सामावून घेतला. बाहेरून डबा जवळपास तोच दिसत राहिला आणि नावही तेच राहिलं. आतलं घर मात्र प्रत्येक वेळी नव्याने बांधलेलं होतं.

एकत्र आणण्यामागे मुख्य हिशेब पैशाचा. जितक्या चिपा कमी, तितका बोर्ड लहान, डाग द्यायच्या जागा कमी, वीज कमी आणि किंमतही कमी. आजच्या चिपेत प्रोसेसर, स्विच, वायफायचं गणित, कुलूपबंद संदेशांसाठी सांकेतिक लिपीचं यंत्र आणि मेमरीशी बोलणारा भाग असे सगळे शेजारी नांदतात. फायबर जोडणीच्या अनेक डब्यांत तर काचेच्या तारेतून येणारे संदेश समजून घेणारा भागही तिथेच असतो. रॅम आणि फ्लॅश मात्र बहुधा वेगळ्या राहतात, कारण त्या बनवायची रीतच निराळी आहे.

प्रोसेसर हा या कुटुंबातला एकच सदस्य आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. डब्ल्यूआरटी५४जीचा प्रोसेसर मिप्स घराण्यातला होता. या घराण्याची मुळं १९८१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन हेनेसी यांनी सुरू केलेल्या संशोधनात आहेत. सूचना थोड्या आणि साध्या ठेवा, म्हणजे चिप लहान राहील आणि झपाट्याने चालेल, असा त्यामागचा विचार होता. महागड्या संगणकांसाठी सुरू झालेली ही कल्पना शेवटी लाखो घरांतल्या स्वस्त डब्यांत पोचली.

दिवे लुकलुकतात तेव्हा

राउटर चालू केला की मिनिटभर दिवे लुकलुकत राहतात आणि वायफाय काही येत नाही. त्या मिनिटात चिप पाटी वाचत असते.

वीज मिळताच प्रोसेसरला काहीच आठवत नसतं. रॅम कोरी असते. प्रोसेसरमध्ये फक्त एक गोष्ट कोरलेली असते: पहिली सूचना कुठून वाचायची तो पत्ता. त्या पत्त्यावर फ्लॅश मेमरीतला एक छोटा प्रोग्रॅम वाट पाहत असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो रॅमला जागं करतो, फ्लॅशमध्ये घडी करून ठेवलेली मुख्य कार्यप्रणाली उलगडून रॅममध्ये मांडतो आणि कारभार तिच्या हाती देतो. डब्ल्यूआरटी५४जीमध्ये ती कार्यप्रणाली होती लिनक्स, आणि ती सारी ४ एमबीत मावलेली होती. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याहून जड असतो.

फ्लॅशमधल्या या लिखाणाला फर्मवेअर म्हणतात, आणि फर्मवेअर अपडेट चालू असताना वीज घालवू नका, ही सूचना इथूनच येते. त्या वेळी जुनी पाटी पुसलेली असते आणि नवी अर्धवट लिहिलेली असते. मध्येच दिवे गेले तर पुढच्या वेळी चिपेला उलगडण्याजोगी पूर्ण कार्यप्रणाली अनेकदा उरत नाही. चिप धडधाकट असते, डबा मात्र निर्जीव होतो.

पत्त्यावरचं ‘द्वारा’

पूर्वी मुंबईत नोकरीला आलेला तरुण एखाद्या नातेवाइकाकडे राहायचा, तेव्हा त्याच्या पत्रांवर ‘द्वारा’ लिहून घरमालकाचं नाव असायचं. पोस्टमनला फक्त घरमालक माहीत. आत कोण कोण राहतं आणि कुणाचं पत्र कुणाला द्यायचं, ते घरमालक पाहायचा. राउटर दिवसभर हेच काम करतो.

इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. जगातल्या प्रत्येक उपकरणाला वेगळा पत्ता देण्याइतके ते नाहीत. म्हणून १९९४ साली एक तोडगा मांडला गेला: घराला बाहेरचा पत्ता एकच द्यायचा आणि आतल्या उपकरणांना खासगी पत्ते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. मोबाइलवरून निघालेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, राउटरकडे आलं, की राउटर त्यावरचा आतला पत्ता खोडतो, स्वतःचा पत्ता लिहितो, एक खुणेचा क्रमांक टाकतो आणि वहीत नोंद करतो. उत्तर आलं की क्रमांक पाहून वही उघडतो आणि पॅकेट बरोबर त्याच मोबाइलकडे धाडतो.

आता हे काम किती वेळा करायचं, त्याचा हिशेब मांडू. इथरनेटचं पूर्ण भरलेलं पॅकेट १,५०० बाइटचं असतं. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर अशी सुमारे ८,१०० पॅकेटं सेकंदाला येतात. १२५ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला प्रत्येक पॅकेटसाठी जेमतेम १५,००० ठोके मिळतात. जोडणी १ जीबीपीएसची झाली तर हातात राहतात दीड हजार. त्यात पॅकेट मेमरीतून उचलायचं, वही शोधायची, पत्ता बदलायचा, बेरजेची पडताळणी पुन्हा करायची आणि पॅकेट पुढे ढकलायचं. एवढ्यात ते भागत नाही.

घड्याळ वेगवान करून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. मीडियाटेकची एमटी७६२१ ही अनेक राउटरांत वापरलेली चिप घ्या. तिच्यात ८८० मेगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर आहेत. पण सर्वांत लहान, ६४ बाइटची पॅकेटं १ जीबीपीएसच्या तारेतून पूर्ण वेगाने आली, तर ती सेकंदाला १४.८८ लाख होतात आणि एका प्रोसेसरला प्रत्येकामागे सुमारे ५९० ठोके मिळतात. म्हणून अशा चिपांत हेच काम कोरूनही ठेवलेलं असतं. नव्या संभाषणाचं पहिलं पॅकेट प्रोसेसर स्वतः तपासतो, नियम ठरवतो आणि ती नोंद कोरलेल्या यंत्राच्या तक्त्यात टाकतो. त्यानंतरची हजारो पॅकेटं प्रोसेसरला न विचारताच परस्पर निघून जातात.

घरातल्या एका अनुभवाचं कोडं इथे उलगडतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक उपकरणाच्या वापराची मोजदाद किंवा कुणाला प्राधान्य द्यायचं त्याची व्यवस्था चालू केली, की कधी कधी एकूण वेगच उतरतो. आता प्रत्येक पॅकेटकडे विचारपूर्वक पाहायचं असतं. ते काम कोरलेल्या यंत्राला जमत नसेल, तर सगळी पॅकेटं पुन्हा प्रोसेसरच्या दारात रांग लावतात. यात राउटर बिघडलेला नसतो. आपण शिलालेखावरचं काम पाटीवर आणलेलं असतं.

चोपन्न कुठून आले?

डब्ल्यूआरटी५४जी या नावातला ५४ हा वेगाचा आकडा आहे: ५४ एमबीपीएस. तो कसा येतो हे पाहिलं, की रेडिओचं काम कोरूनच का ठेवावं लागतं ते आपोआप कळतं.

या डब्याचं वायफाय २० मेगाहर्ट्झ रुंदीचा एक पट्टा घेतं आणि त्यात अनेक बारीक लहरी शेजारी शेजारी चालवतं. माहिती वाहून नेणाऱ्या लहरी असतात ४८. दर ४ मायक्रोसेकंदांना त्या सगळ्या एकदम बदलतात, म्हणजे सेकंदाला अडीच लाख वेळा. सर्वांत वेगवान पद्धतीत प्रत्येक लहर एका वेळी ६ बिट नेते. त्यातला चौथा हिस्सा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेला असतो, उरतात तीन चतुर्थांश. ४८ गुणिले ६ म्हणजे २८८, त्याचे तीन चतुर्थांश २१६. त्याला अडीच लाखांनी गुणलं की ५.४ कोटी बिट. हाच तो ५४. पाळीपाळीने बोलणं, पोच देणं, वाट पाहणं यांत वेळ जातो, म्हणून प्रत्यक्ष हाती याच्या अर्ध्याहून कमी लागतं.

अँटेनात मात्र या सगळ्या लहरी एकमेकींत मिसळून येतात. त्या वेगळ्या करायला १९६५ साली कूली आणि ट्युकी यांनी मांडलेली झटपट फूरिये रूपांतराची रीत वापरतात. ६४ बिंदूंच्या अशा एका रूपांतरात १९२ छोटे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात सुमारे दहा बेरजा-गुणाकार. सेकंदाला अडीच लाख रूपांतरं म्हणजे ४८ कोटी आकडेमोडी. आपल्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला १२.५ कोटी ठोके देतं. प्रोसेसरने बाकी सगळी कामं सोडून फक्त लहरी वेगळ्या करायच्या ठरवलं तरी ते त्याच्याच्याने होणार नाही, आणि चुका दुरुस्त करण्याचं काम अजून बाकीच आहे. म्हणून हे सारं गणित सिलिकॉनमध्ये कोरलेलं असतं. गुणाकार करणाऱ्या जोडण्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि त्या एकाच वेळी चालतात.

हा सगळा व्यवहार २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचा. भारतात जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने हा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त झाला. आज आपण कुणालाही न विचारता घरात वायफाय लावतो, त्यामागे हा कागद आहे.

दहा मायक्रोसेकंदांची पोच

वेग पुरेसा असला तरी भागत नाही, वक्तशीरपणाही लागतो. वायफायमध्ये पॅकेट मिळालं की घेणाऱ्याने लगेच पोच द्यायची असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात या ‘लगेच’चा अर्थ आहे १० मायक्रोसेकंद, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १६. तेवढ्या अवधीत पॅकेट अखंड आलं का ते पडताळायचं, रेडिओ ऐकण्याकडून बोलण्याकडे वळवायचा आणि पोच पाठवायची. पोच आली नाही तर समोरचा समजतो की पॅकेट हरवलं, आणि पुन्हा पाठवतो.

१० मायक्रोसेकंदांत आवाज हवेतून साडेतीन मिलिमीटरही पुढे जात नाही. लिनक्ससारखी कार्यप्रणाली एकाच वेळी अनेक कामं पाहते. ती कधी वही लिहीत असते, कधी सेटिंगचं पान दाखवत असते. हातातलं काम टाकून ती इतक्या अचूक वेळेला धावून येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून पोच देणारा भागही कोरलेला असतो, आणि पोच निघून गेल्यानंतरच प्रोसेसरला कळतं की पॅकेट आलं होतं.

कोरलेलं चुकलं तर?

इतकं सगळं कोरून ठेवलं आणि त्यातलंच काही चुकीचं निघालं तर काय, याचं उत्तर वायफायच्या इतिहासाने दिलं आहे.

सुरुवातीच्या वायफायमध्ये संदेश कुलूपबंद करायची पद्धत होती वेप. तिच्या पोटात आरसी४ नावाची सांकेतिक लिपी होती आणि ती अनेक चिपांत कोरलेली होती. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तीन संशोधकांनी दाखवून दिलं की वेपमध्ये आरसी४ ज्या रीतीने वापरली जाते, त्यामुळे ते कुलूप उघडता येतं. तोवर अशा चिपा असंख्य ठिकाणी पोचल्या होत्या.

२००३ साली आलेल्या डब्ल्यूपीए या उपायाची रचना विलक्षण समंजस होती. कोरलेली आरसी४ तशीच ठेवली, पण तिला दिली जाणारी किल्ली प्रत्येक पॅकेटसाठी नव्याने घडवायची. हे किल्ली घडवणं पाटीवरचं काम होतं, त्यामुळे जुन्या यंत्रांनाही फर्मवेअर बदलून ते शिकवता आलं. पक्का इलाज २००४ च्या डब्ल्यूपीए२ मध्ये आला. त्याला एईएस ही भक्कम सांकेतिक लिपी लागते आणि अनेक जुन्या चिपांमध्ये ती कोरलेलीच नव्हती. तिथे पाटीचा उपयोग संपला आणि नवं यंत्र घ्यावं लागलं. चिपेचं आयुष्य कुठे वाढवता येतं आणि कुठे नाही, याची सीमारेषा या एका प्रकरणात स्पष्ट दिसते.

पाटी कुणाची?

मग पाटीवर लिहायचा हक्क कुणाचा? तो कंपनीपुरताच असेल, तर कंपनीचा रस संपला की चांगली चिपही अडगळीत जाते.

सिस्को या कंपनीने मार्च २००३ मध्ये लिंकसिस विकत घेत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जूनमध्ये अँड्र्यू मिकलस यांनी लिनक्सच्या प्रोग्रॅमरांच्या नजरेस आणून दिलं की डब्ल्यूआरटी५४जीमध्ये लिनक्स आहे, पण त्याचा स्रोत (सोर्स कोड) कंपनीने खुला केलेला नाही. लिनक्सचा परवाना सांगतो की ते वापरून यंत्र विकाल, तर त्यातल्या लिनक्सचा स्रोतही मागणाऱ्याला द्या. काही आठवड्यांत स्रोत खुला झाला. त्याच्या आधारावर जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरांसाठी खुलं फर्मवेअर लिहिणारा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या नावात तो निळा-काळा डबा आजही आहे.

२००५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत चिप तीच राहिली, पण लिनक्स जाऊन दुसरी कार्यप्रणाली आली. रॅम १६ वरून ८ एमबी झाली, फ्लॅश ४ वरून २. खर्च वाचला, पाटी मात्र इतकी लहान झाली की तिच्यावर दुसऱ्या कुणाला फारसं काही लिहिता येईना. लोकांची मागणी ओळखून कंपनीने जुन्या रचनेचा, लिनक्सवाला डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा काढला. तो पुढे कितीतरी वर्षं विकला जात राहिला. बाकी डबे मागे पडले तरी हा टिकला, त्याचं मोठं कारण हेच की त्याची पाटी लोकांच्या हाती होती.

पाटीवर नवं लिहिणं थांबलं की काय होतं तेही जगाने पाहिलं. मे २०१८ मध्ये सिस्कोच्या टॅलोस या सुरक्षा गटाने व्हीपीएनफिल्टर नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमची माहिती दिली. किमान ५४ देशांतली किमान ५ लाख साधनं त्याने ग्रासली होती आणि त्यांत घरगुती व छोट्या कार्यालयांतले राउटर मोठ्या संख्येने होते. त्यांच्यातल्या चिपा उत्तम चालत होत्या. त्यांच्यावरचं लिखाण जुनं झालं होतं.

आपल्या घरचा डबा

आता आपल्या डब्याच्या तळाचं लेबल वाचा. मॉडेलच्या नावाशेजारी बारीक अक्षरात आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि चिप ठरते ती त्यावरून. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा राउटर या नावाने अनेक वर्षं विकला गेला. त्याच्या नवव्या आवृत्तीत क्वालकॉमची क्यूसीए९५३३ चिप होती, तेराव्या आवृत्तीत मीडियाटेकची एमटी७६२८. नाव एक, चिपेचं घराणं वेगळं. म्हणून फर्मवेअर उतरवून घेताना आवृत्ती जुळवणं अत्यावश्यक आहे. नवा राउटर घेताना अँटेना मोजण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: आत चिप कोणती आहे, आणि तिच्या फर्मवेअरचा शेवटचा अपडेट कधी आला?

ओपनडब्ल्यूआरटीच्या विसाव्या वर्षी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्या समुदायाने स्वतःचा राउटर आणला: ओपनडब्ल्यूआरटी वन. त्यात मीडियाटेकची एमटी७९८१ चिप आहे, १.३ गिगाहर्ट्झच्या दोन प्रोसेसरांची. रॅम १ जीबी आणि मुख्य फ्लॅश २५६ एमबी, म्हणजे पहिल्या डब्ल्यूआरटी५४जीच्या बरोबर ६४ पट. पण मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याची दुसरी, लहानशी फ्लॅश मेमरी. तिच्यात डबा पुन्हा उभा करण्यापुरतं लिखाण वेगळं जपून ठेवलेलं आहे आणि बाहेर एक छोटी कळ आहे. मुख्य पाटीवर लिहिताना दिवे गेले, अक्षर चुकलं, तरी कळ सरकवायची आणि पहिल्यापासून लिहायला घ्यायचं. ज्यांनी वीस वर्षं दुसऱ्यांच्या डब्यांवर लिहिलं, त्यांनी स्वतःचा डबा बनवताना चुकणाऱ्या हातासाठी आधी जागा ठेवली.